सत्तेचाळीसावी विडी

चांगुणा हरली आणि भजी खात बसली.

तालुक्याच्या कचेरीसमोर, हातगाडीशेजारच्या दगडावर. आतून कर्ण्यावर आमच्या वॉर्डाचा आकडा नुकताच सांगितला होता. ठेकेदाराची सून नलिनी, दोनशे एकोणनव्वद. डेअरीवाल्याची भावजय, दोनशे सत्तर. चांगुणा, निशाणी शिट्टी, सेहेचाळीस. आम्ही नऊ जणी सकाळपासून टेम्पोतून येऊन उन्हात उभ्या होतो. त्या आकड्यानंतर एकीच्याही घशाखाली पाणी उतरेना. आणि जिच्यासाठी आम्ही महिनाभर दारोदार तोंड वाजवलं, ती बाई कागदावरची भजी तळलेल्या मिरचीसकट खात होती. वर हसत होती. दात दाखवून नाही, पण गालातल्या गालात. लेकीचं लग्न जमल्यावर आई हसते तसं.

मी तिच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "चांगुणा, पडलीस तू."

"ऐकलं ना साळूआत्या. सेहेचाळीस." तिने कागद माझ्यापुढे केला. "घ्या, गरम आहेत."

हरलेल्या माणसाने खाऊ नये असं माझं म्हणणं नाही. मयताच्या घरीसुद्धा शेवटी चूल पेटतेच. पण हसायचं कशाला? मला ते हसू असं झोंबलं की मी परतीच्या टेम्पोत तिच्याशी बोलले नाही. पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले.

या गोष्टीला चौदा वर्षं झाली. ठेकेदाराच्या त्या कारखान्याला आता कुलूप आहे, विड्या वळणाऱ्या बायका बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात. पण ते हसू अजून माझ्या डोळ्यांपुढून गेलेलं नाही.

आमच्या गावात दोनच पॅनल. एक विडीच्या ठेकेदाराचं, एक डेअरीवाल्याचं. एकदा हा, एकदा तो. निवडणूक आली की दोघे एकमेकांच्या सात पिढ्या उकरायचे आणि निवडणूक झाली की एकमेकांच्या पोरांच्या लग्नात फेटे बांधून पुढे बसायचे. आमचा वॉर्ड बाईसाठी राखीव झाला, तेव्हा दोघांनी आपापल्या घरातली एकेक बाई उभी केली. भिंतीवरच्या कागदावर बाईचा फोटो बोटाएवढा आणि मागे दीर-सासऱ्यांचे पाटाएवढे.

आम्ही आळीतल्या बायका विड्या वळायचो. कारखाना म्हणजे काय, तर ठेकेदाराच्या घराला लागून एक खोली आणि पुढे उघडं अंगण. पानं आणि तंबाखू तिथून आणायचा, विड्या घरी वळायच्या, आणि सकाळी नेऊन द्यायच्या. द्यायला रांग. मुनीम दहा वाजता यायचा, आम्ही आठला उभ्या. वर ना छप्पर, ना जवळपास आडोसा. माझी सून रोहिणी सातव्या महिन्यात त्या रांगेत चक्कर येऊन पडली. देवाची कृपा, पोटाला काही झालं नाही. पण मी त्या दिवसापासून चार पत्र्यांच्या शेडसाठी दोघांचे उंबरे झिजवले. ठेकेदार म्हणायचा, हे पंचायतीचं काम, डेअरीवाल्याला विचारा. डेअरीवाला तेव्हा सरपंच. तो म्हणायचा, कारखाना त्याचा, त्याला विचारा. पोरगी जन्मली, चालायला लागली, तरी चार पत्रे काही आले नाहीत.

म्हणून मी ठरवलं की तिसरी बाई उभी करायची. आपली.

मी स्वतः का नाही, असं विचाराल. गावात माझं ज्याच्याशी भांडण झालं नाही असं एक घर दाखवा. मला मत कोण देणार? चांगुणाचं तसं नव्हतं. सातवी शिकलेली, विधवा, आवाज कधी चढायचा नाही. कोणाच्याही घरी कार्य असलं की ही पदर खोचून वाढायला पुढे आणि जेवायला सगळ्यांच्या मागे. आम्ही निशाणी कात्री मागितली होती, हातातली वस्तू म्हणून. निवडणुकीच्या साहेबाने शिट्टी दिली. पुरुषांना तेवढंच निमित्त मिळालं. बायका शिट्ट्या मारणार म्हणून पारावर खिदळायला लागले. मी जत्रेतून खरीच शिट्टी आणली आणि पारापुढून जाताना वाजवली. मग खिदळायचे थांबले.

पण उभं करण्याआधी मला आकडा हवा होता. बाई रांगेत हो म्हणते आणि घरी नवऱ्याने डोळे वटारले की नाही म्हणते. म्हणून एका सकाळी रांगेत मी वनस्पती तुपाचा रिकामा डबा फिरवला. म्हटलं, नाव सांगू नका, हात वर करू नका, मुनीम बघतोय. जी चांगुणाला मत देणार तिने आपल्या सुपातली एक विडी यात टाकायची. टाकायची नसेल तिने डबा पुढे द्यायचा, माझा राग नाही.

घरी येऊन मोजल्या. सत्तेचाळीस.

नाव नको म्हटलं होतं, पण मला नावांची गरज नव्हती. माझी शाळा दुसरीपर्यंत, पण विडी मला वाचता येते. कोणी टोक आत दाबते, कोणी दुमडते, कोणाच्या विडीला कंबर असते, कोणाचा दोरा दोनदा फिरलेला. सही खोटी करता येते, चाळीस वर्षांची विडी खोटी करता येत नाही. मी एकेक उचलून सत्तेचाळीस जणी ओळखल्या. माझी स्वतःची होती. रोहिणीची होती, बारीक आणि टोकाला घट्ट. चांगुणाचीही होती, जरा जाड, तंबाखू सढळ हाताने भरलेली.

आता सांगा, यंत्रातून सेहेचाळीस कशी निघाली?

पुरुषांपैकी कोणी शिट्टी दाबली असेल हे मी धरतच नाही. आमच्या आळीतल्या पुरुषांत तेवढी धमक असती तर बाई उभी करायची वेळच आली नसती. म्हणजे सत्तेचाळीसातली एक फुटली. एकच. टेम्पो गावात शिरेपर्यंत माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. आणि टेम्पोतून उतरता उतरता मला नावही सुचलं होतं.

रोहिणीचा मामा ठेकेदाराकडे मुनीम होता. रांगेत पानं वाटायचा तोच. मतदानाच्या दिवशी ती आत गेली ती लवकर बाहेर येईना, आणि आली ती डोळे पुसत. मी विचारलं तर म्हणाली, डोळ्यात काही गेलं.

घरी गेले, हातपाय धुतले, खंडोबाच्या देवळातून बेलाची पानं आणि भंडारा ताटात घेऊन आले. आमच्याकडे खऱ्याखोट्याचा शेवटचा निवाडा हाच. बेलभंडारा उचलून खोटं बोलेल ते घर बसतं म्हणतात. रोहिणी माझ्या शेजारी तिच्या जागेवर बसून पानं कातरत होती. मी ताट तिच्यापुढे ठेवलं आणि म्हटलं, उचल.

तिने आधी ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कशासाठी, आत्याबाई?"

"मत कोणाला दिलंस ते सांगायला."

तिने हातातलं पान पूर्ण कातरलं. बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "डब्यात विडी टाकली तीच माझी शपथ. दुसरी उचलणार नाही."

मला एवढं पुरे होतं. खऱ्याला भंडाऱ्याची भीती कसली? मी नको ते बोलले. म्हटलं, मामाच्या मिठाला जागलीस, सासरच्या उन्हाला विसरलीस. म्हटलं, जिच्यासाठी पत्रे मागत फिरले तिनेच डोक्यावरचा पत्रा काढला. भाऊसाहेब, माझा मुलगा, मध्ये पडायला आला, त्याला मी दोन शब्दांत बाहेर घालवला. रोहिणीने आपलं सूप उचललं, तंबाखूचा डबा उचलला आणि मागच्या ओट्यावर जाऊन बसली. लग्न होऊन आल्यापासून ती माझ्या शेजारी विड्या वळत होती. ती जागा रिकामी झाली.

तोंडावर असं म्हटलं की झालं, आळीला कळायला दवंडी लागत नाही. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना माहीत झालं की साळूआत्याच्या घरातच चोर निघाला.

दुसऱ्या दिवशी दोन गोष्टी झाल्या. सकाळी कारखान्यात मुनीमाने आमच्या आळीला मुद्दाम फाटकी, वाळकी पानं दिली. कोणी शिट्टी दाबली हे त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून सगळ्यांना सरसकट. त्या पानांतून दिवसभर मान मोडली तरी हजार विड्या निघत नाहीत. आणि दुपारी डेअरीवाला माझ्या दारात येऊन उभा राहिला. बसा म्हटलं नाही, तरी बसला.

म्हणाला, "साळूबाई, आम्ही एकोणीस मतांनी पडलो. तुमच्या सेहेचाळीसांनी ठेकेदाराला निवडून दिलं. येणारी नव्हतीच तुमची बाई. मतं वाया घालवलीत. आता खा फाटकी पानं."

मी म्हटलं, "माझ्या कोंबडीने माझ्या टोपलीत अंडं घातलं, तर तुमचं आमलेट कसं बुडालं?"

तो म्हणाला, हे बोलणं झालं, हिशोब नव्हे. मी म्हटलं, हिशोबच आहे. पाच वर्षं सरपंच होतात तेव्हा चार पत्रे टाकले असते तर सेहेचाळीस मतं चालत आली असती. तो उठून गेला. पण त्याचं 'वाया' माझ्या कानात कुसळासारखं राहिलं. बाहेरच्याला मी उत्तर दिलं होतं. घरातल्या फितुरीचं काय उत्तर देणार? लोक म्हणतील, हिची सूनच हिला धरून नाही आणि ही गावाला तिसरी वाट दाखवते.

म्हणून मी आणखी एक वेडेपणा केला. म्हटलं, रोहिणीवर एकटीवर ठपका ठेवला तर तिचे माहेरचे म्हणतील सासूने डाव साधला. तेव्हा सगळ्यांना समान न्याय. ताट घेऊन मी घरोघर निघाले. माझं मत मला माहीत, रोहिणी नाही म्हणाली, आणि चांगुणा तर उमेदवार. उरल्या चव्वेचाळीस. दोन दिवस लागले.

सगळ्यांनी उचलला. शेवंताने चूल फुंकता फुंकता उचलला. म्हाताऱ्या सोनाबाईने दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावला आणि म्हणाली, आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी विचारलं मत कोणाला दिलं म्हणून, एरवी सांगतात. कमळीने हात पुढे केला आणि मागे घेतला, म्हणाली, "आत्या, खोटं बोललं तर घरचा माणूस जातो ना?" मी म्हटलं, तसं म्हणतात. तिने ओट्यावर पिऊन पडलेल्या नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मग जरा खोटं बोलून बघू का?" आणि हसत उचलला. त्या दोन दिवसांत मला एकदाही कोणाच्या डोळ्यांत चोर दिसला नाही. फाटक्या पानांच्या ढिगाशेजारी बसून चव्वेचाळीस बायकांनी ताठ मानेने सांगितलं की होय, शिट्टी दाबली.

अभिमान वाटायला हवा होता. मला मात्र रोहिणीचा राग आणखी आला. एवढ्या जणी निभावल्या, आणि तू?

चौथ्या दिवशी संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी मी चांगुणाकडे गेले. शपथ घालायला नाही. देवालाच कोणी विचारतं का, की तू देव आहेस ना म्हणून? मी गेले होते माफी मागायला. माझ्या घरच्या बाईने तुझं मत खाल्लं, हे माझ्या तोंडाने तिला सांगायला. तसं करायला मला किती जड गेलं असेल ते मला ओळखणाऱ्यांना विचारा.

ती दारातच विड्यांचे कट्टे बांधत होती. मी सगळं सांगितलं. चव्वेचाळिसांनी उचलला. रोहिणीने नाही. ती ऐकत होती पण मान वर करेना. पंचवीस विड्यांचा कट्टा बांधून झाला तरी तिची बोटं दोरा गुंडाळतच होती.

मी म्हटलं, "झालं ते झालं. दोन दिवस देवाचा भंडारा दारोदार फिरवलाय, एक चिमूट तुझ्या हाताने कपाळाला लाव, म्हणजे मी ताट देवळात ठेवून येते."

ताट पुढे केलं. तिचा हात निम्म्यावर आला आणि थांबला. मग विंचू दिसल्यासारखा मागे गेला आणि पदराखाली लपला.

मला पहिल्यांदा कळलंच नाही. वाटलं, विटाळ वगैरे असेल. मग तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"चांगुणे," मी म्हटलं, "तू कोणाला दिलंस?"

ती म्हणाली, "नलिनीला."

आळीतून बकऱ्या परत येत होत्या. त्या गेल्यावर ती बोलायला लागली, आणि एकदा सुरू झाल्यावर थांबेना. म्हणाली, आत गेले, बटणाशी बोट नेलं, तर तिथे माझंच नाव. लाज वाटली. "आत्या, सगळी पंगत बसलेली असताना आपणच आपल्या ताटात आधी कसं वाढून घ्यायचं? मला ते जमेचना. म्हटलं, एका मताने काय होणार, निवडून तर काही येत नाही आपण." मग दुसऱ्या कोणाला तरी द्यायचं, म्हणून नलिनीला. का नलिनीला? तर ती मतदानाच्या फाटकाशी उभी होती आणि म्हणाली, काकू, पाय दुखतोय का, सावकाश जा. त्या घरातून तिला काकू म्हणणारी ती पहिलीच.

"मग निकालाच्या दिवशी हसत का होतीस?"

"आकडा ऐकला ना." तिच्या डोळ्यांत त्याही वेळी पुन्हा ते हसू आलं आणि लगेच विझलं. "सेहेचाळीस म्हणजे एकीनेही शब्द मोडला नाही. सगळ्यांनी मला दिलं. हे तिथे फक्त मलाच कळलं होतं. मला भूक लागली आत्या, एकदम. चार दिवस जेवण गेलं नव्हतं."

खरं सांगते, दगडावर बसून ती हसत होती त्याचं कारण ऐकून क्षणभर माझा राग ओसरला. आणि पुढच्या क्षणी दुप्पट होऊन आला.

"चार दिवस," मी म्हटलं. "चार दिवस माझी सून मागच्या ओट्यावर बसलीय. आळीतल्या बायका नळावर तिच्याशी बोलत नाहीत. तुला माहीत होतं."

ती म्हणाली, रोज यायला निघत होते, दारापर्यंत येऊन मागे जात होते. मी म्हटलं, आता दार ओलांडायचं. तिचा दंड धरला आणि तशीच आळीतून घेऊन आले. लोक दारात येऊन बघत होते. बघू देत. रोहिणीचं नावही त्यांनी असंच दारात येऊन ऐकलं होतं.

मागच्या ओट्यावर रोहिणी शेवटची विडी वळत होती. चांगुणाने तिच्यापुढे उभं राहून सगळं सांगितलं, नलिनीपासून भज्यांपर्यंत. रोहिणीने विडी पूर्ण केली, टोक दाबलं, सुपात ठेवली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "परतताना टेम्पोत चांगुणामावशी माझ्याच शेजारी होत्या. म्हणाल्या, सगळ्यांनी दिलं गं. तेव्हाच कळलं, कोण राहिलं ते."

मी म्हटलं, "मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे, आत्याबाई? तुम्ही ताट पुढे केलंत."

मतदानाच्या दिवशी डोळे का पुसत होतीस, हेही मी तेव्हाच विचारलं. म्हणाली, बटण दाबल्यावर यंत्र केवढ्याने वाजलं, वाटलं मामाला बाहेर ऐकू गेलं असेल. भीतीने रडू आलं. भीत होती आणि तरी दाबलं होतं.

मी कोणाची माफी मागत नाही, मला ते येत नाही. मी आत गेले, माझं सूप, माझी कात्री, माझा पाट उचलून आणला आणि मागच्या ओट्यावर रोहिणीच्या शेजारी मांडला. ती थोडी सरकली. त्या दिवसापासून आमची विड्या वळायची जागा तीच झाली.

चांगुणा अजून ओट्याखाली उभी होती. पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत होती. म्हणाली, "साळूआत्या, माझ्यामुळे तुमची सगळ्यांची मतं वाया गेली. गाव म्हणतं तेच खरं झालं."

पुढे पाच वर्षांनी तीच पुन्हा उभी राहिली आणि पहाटे पहिल्या रांगेत जाऊन तिने शिट्टी दाबली, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तेव्हा माझ्यापुढे फक्त एक बाई उभी होती, जी माफी मागतानासुद्धा दुसऱ्याच्याच शब्दांनी मागत होती.

मी हातातलं पान कातरून खाली ठेवलं आणि ओट्यावरून सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात तिला म्हटलं, "आमचं एकही मत वाया गेलं नाही, चांगुणे. फाटकी पानं वळतोय, तरी नाही गेलं. त्या यंत्रात वाया गेलेलं मत एकच होतं. तुझं. आणि तेच तेवढं निवडून आलं."